आभाराचा फोन

संक्रांतीला मुलगी पुण्याहून आली, ती तिळगुळाबरोबर एक शिक्षणक्रमही घेऊन आली. ज्येष्ठ नागरिकांनी मन प्रसन्न कसे ठेवावे, याचे ऑनलाइन धडे. ते तिने माझ्या मोबाईलवर उतरवून दिले. रोज एक धडा, धड्याखाली एक स्वाध्याय, आणि झोपण्यापूर्वी आपल्या मनःस्थितीला आपणच दहापैकी गुण द्यायचे. त्या गुणांची एक रेष तयार होते. ती रेष माझ्याबरोबर तिच्याही मोबाईलवर दिसणार होती.

“आणि रेष वर गेली नाही तर?” मी विचारले.

“तर उन्हाळ्याच्या आत तुम्ही पुण्याला यायचं. कायमचं.”

अट स्पष्ट होती. मला स्पष्ट अटी आवडतात.

पत्नी गेल्यापासून मी परभणीच्या घरी एकटा राहतो. मुलीचा फोन रोज येतो. ती विचारते, कसे आहात; मी सांगतो, ठीक. हा एकच शब्द ऐकून ऐकून तिला काळजी वाटू लागली होती. तिचे म्हणणे असे की, ‘ठीक’मध्ये काहीही दडलेले असू शकते. माझे म्हणणे असे की, ‘ठीक’मध्ये ठीकच असते.

पुण्याविषयी माझी तक्रार नाही. घर हवेशीर आहे, जावई सज्जन आहे. परंतु तिथे मला बसवतात. इथे मी बसतो. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने फिरणे, परतताना चहा, मग वर्तमानपत्र. वाटेत जे नमस्कार होतात त्यांतले निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे असतात. त्यांतले काही आता आजोबा झाले आहेत, तरी मला पाहून गाडीचा वेग कमी करतात. हे पुण्यात मिळणार नाही. म्हणून मी धडे मन लावून करायचे ठरवले.

पहिला धडा श्वासाचा होता. एक तरुण बाई फार सावकाश बोलत होत्या. “श्वासाकडे प्रेमाने पाहा.” मी चष्मा काढून ठेवला, या कामाला तो लागणार नव्हता. “आता आपण समुद्रकिनारी आहात. लाटा येत आहेत, जात आहेत.” समुद्र मी एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीबरोबर. त्या दिवशी दोन मुले हरवली होती. डोळे मिटताच तीच दोन मुले आठवली आणि श्वास शांत होण्याऐवजी चढला. (मुले पुढे भेळेच्या गाडीपाशी सापडली, पण त्या धड्यात तिथपर्यंत पोचता येत नव्हते.) दुसऱ्या दिवसापासून समुद्र सोडून मी पोखर्णीच्या वाटेवरचे ज्वारीचे रान धरले. ते चालले.

पुढे एका धड्यात कुणाची तरी मनापासून स्तुती करायची होती. गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या बाईंना मी म्हणालो, “तुमची मेथी स्वच्छ असते. तिला माती नसते.”

त्यांनी मला नीट पाहून घेतले. “काका, भाव कमी होणार न्हाई बरं का.”

“मी भाव विचारलाच नाही.”

“मग काय झालं? कालची जुडी खराब निघाली का?”

“जुडी उत्तम होती.”

“असं कसं बोलायलाव आज?” म्हणून त्यांनी मूठभर कोथिंबीर माझ्या पिशवीत टाकली आणि पाटी उचलून घाईने पुढे गेल्या. त्यानंतर काही दिवस त्या माझ्या फाटकासमोर थांबत नसत. शेजारच्या दारात उभे राहून मीच हाक मारीत असे.

स्वाध्याय मी एकही चुकवला नाही. अडचण गुणांची झाली. निवृत्त होईपर्यंत मी मराठी शिकवले आणि उत्तरपत्रिका तपासल्या. निबंधाला दहापैकी सहाच्या वर गुण मी कधी दिले नाहीत. सात गुणांचा निबंध वाचण्याची इच्छा होती; तो आला नाही. त्या मापाने बऱ्या दिवसाला पाच गुण होतात. माझे दिवस बरे चालले होते. मी रोज पाच देत होतो. पाच दिले की पडद्यावर एक हिरवे पान यायचे आणि खाली अक्षरे: ‘आज मन जड आहे का? आम्ही आपल्यासोबत आहोत.’ मी पान मिटवून झोपत असे.

एके दिवशी मुलीने ‘कसे आहात’ विचारलेच नाही.

“बाबा, महिना झाला. रोज पाच?”

“पाच वाईट नाहीत.”

“रेष बघा तुमची. दवाखान्यातल्या मशीनवर अशी रेष आली की नर्स पळत येते.”

“सरळ आहे. खाली तर गेली नाही.”

“एखाद्या दिवशी सात द्या ना! कोण तपासायला बसलंय?”

“मीच बसलो आहे. अडचण तीच आहे.”

ती हसली नाही. “बाबा, मी गंमत करत नाहीये. मार्चमध्ये बॅग भरायची.”

त्याच आठवड्यात कृतज्ञतेचा धडा आला. ज्याने आपल्यासाठी काही केले आणि ज्याला आपण कधी तसे सांगितले नाही, असा माणूस निवडा आणि त्याला स्वतःच्या आवाजात सांगा.

माणूस निवडायला वेळ लागला नाही. राणीसावरगावला माझा एक मित्र आहे. शाळेत असताना आम्ही एकाच वसतिगृहात होतो. त्याचे किराणा दुकान आहे, थोडी शेती आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की त्याला फोनची गरज नसावी. पत्नी दवाखान्यात होती तेव्हा तो दर सोमवारी दुकान बंद ठेवून एसटीने परभणीला यायचा. डब्यात त्याच्या घरच्या भाकरी आणि ठेचा असायचा. बाकावर शेजारी बसून तो हरभऱ्याविषयी बोलायचा, माझे जेवण झाले की रिकामा डबा घेऊन निघायचा. ‘कसं आहे’ असे त्याने एकदाही विचारले नाही. मीही त्याला कधी काही म्हणालो नाही.

वाक्ये आधी लिहून काढली, त्यांतली दोन विशेषणे खोडली आणि संध्याकाळी फोन लावला.

“ती दवाखान्यात असताना तू येत होतास. ते माझ्या लक्षात आहे. त्याबद्दल मी तुझा आभारी आहे.”

पलीकडे कुणीतरी साखरेचा भाव विचारत होते. तेही थांबले.

“कोण बोलायलंय?”

“मी.”

“मास्तर? आवाज तर तुझाच हाय. काय झालंय तुला?”

“काही नाही.”

“कुठून बोलायलास? दवाखान्यातून का?”

“घरून. एवढंच सांगायचं होतं.”

स्वाध्याय पूर्ण झाला होता. मी फोन ठेवला, त्या दिवसाचे पाच गुण दिले आणि मोबाईल बंद करून चार्जिंगला लावला. पुन्हा सुरू करण्याचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून परतलो, तर फाटकाशी दोन ऑटो उभे. मित्र माझ्या दाराचे कुलूप ओढून पाहत होता. मागे त्याची पत्नी नारळाची पिशवी धरून उभी. आणि दुसऱ्या ऑटोतून, रात्रीच्या गाडीने आलेली, माझी मुलगी उतरत होती.

“कुलूप बाहेरून हाय, म्हंजे भाऊजी आत न्हाईत,” वहिनी म्हणत होत्या.

“मग शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं आसंल,” मित्र म्हणाला. “ कोणत्या, ते तर इचारा कुणाला!”

“कुणाला नेलं?” मी मागून विचारले.

वहिनींच्या हातून पिशवी सुटली. एक नारळ घरंगळत नालीपर्यंत गेला. मित्राने माझे मनगट धरून नाडी शोधली. ती सापडेना, तेव्हा दोन्ही खांदे धरून मला हलवून पाहिले.

“चांगला तर हाय की ह्यो! मेथी घेऊन यायलाय!” यात आनंदापेक्षा तक्रार अधिक होती.

मुलगी जागची हलली नाही. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. “काकांचा फोन आला. म्हणाले, पोरी, तुझा बाप आभार मानायलाय, लवकर ये. मी तुम्हाला किती फोन केले. बंद.”

“चार्जिंगला होता.”

“संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत मी. तुमचं आणि माझं. आता मार्चची वाट बघणार नाही.”

परभणीत राहता यावे म्हणून केलेल्या स्वाध्यायाने माझे परभणीतून जाण्याचे तिकीट काढले होते.

मी कुलूप उघडले, सर्वांना आत बसवले आणि धड्याची हकीकत सांगितली. मुलीने कपाळाला हात लावला. मित्र मात्र गंभीर झाला.

“म्हंजे मोबाईलनं सांगितलं म्हणून फोन केलास?”

“धडा होता.”

“तुझ्या मनात न्हवतंच काही?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ऐकत होत्या.

“मनात होतं. बोलायचं राहिलं होतं. माणूस निवडा म्हणाले, तेव्हा दुसरं कुणी आठवलं नाही.”

त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “मग तसं सरळ बोल ना! बोलून फोन ठेवून देतंय का कुणी? आमी रातभर झोपलो न्हाई. हिनं तर महादेवाला अभिषेक बोललाय.”

“तो आता तुमी दोघांनी मिळून करा,” वहिनी आतून म्हणाल्या. “मला परसाद आणून द्या.”

दुपारी त्यांनीच पिठले-भाकरी केली आणि मेथी परतली. जेवताना मित्राने आपला मोबाईल मुलीपुढे सरकवला. “पोरी, ते धडे माझ्यात बी टाक.”

“तुम्हाला कशाला, काका? तुमचं घर तर भरलेलं आहे.”

“लय भरलेलं हाय. सगळे बोलत्यात माझ्याशी. तेल संपलं, गॅस आणा, उधारी मागा. काल ह्याचा फोन आला तर म्हणलं, पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी फोन केलाय.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “मग ध्यानात आलं, ह्यो मरायलाय.”

मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. तिने त्याच्या मोबाईलवर धडे उतरवून दिले. तो त्या सावकाश बोलणाऱ्या बाईंना “जरा जोरात बोला की” असे सांगत बाहेरच्या पलंगावर आडवा झाला आणि श्वासाच्या धड्यातच घोरू लागला.

आतल्या खोलीत मुलीने कपाट उघडले होते. बॅग खाली काढलेली. ती माझे शर्ट घड्या करून एकावर एक ठेवत होती. मी दारात उभा राहिलो.

“हा निळा घ्यायचा का?”

“मला इथेच राहायचं आहे,” मी म्हणालो.

तिचा हात थांबला.

“इथले दिवस पाच गुणांचे आहेत. पण ते मला आवडतात.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू रेषेविषयी विचारत होतीस.”

ती पलंगाच्या कडेला बसली. निळा शर्ट तिच्या मांडीवर होता. “आई गेल्यापासून तुम्ही माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाहीत, बाबा. एकदाही नाही. मला वाटायचं, तुम्हाला आता काही नकोच आहे.”

“हे मागतो आहे.”

तिने शर्टाची बटणे लावली. मग मोबाईल काढून अंगठ्याने काहीतरी दाबत बसली. बाहेर घोरणे आणि त्या बाईंचा समुद्र एकदमच चालू होते.

“एक तिकीट रद्द केलं,” ती म्हणाली. “बरेच पैसे कापले मेल्यांनी.”

“कुणाचं?”

“माझं कसं करणार? मला उद्या ऑफिस आहे.”

मी रिकामी बॅग माळ्यावर ठेवण्यासाठी स्टूल ओढून वर चढलो.

“उतरा खाली,” ती म्हणाली. “मी ठेवते. पडलात तर पुन्हा तिकीट काढावं लागेल.”