वांग्याची साल

एरंडोलकडच्या आमच्या गावात थंडी पडली की शेताशेतांवर भरीत पार्ट्या झडतात. बाहेरचे पाहुणे आले की भरताचं कौतुक सांगताना आमच्या लोकांची छाती फुगते. भरीत म्हणजे साऱ्या खानदेशाचं, त्यात जातपात नाही, असंही कुणीतरी तोंड वर करून म्हणतंच.

माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून या पार्ट्यांची वांगी भाजते. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वांगी त्यात लोटायची आणि डोळे चोळत उलटीपालटी करायची. तिच्या हातचं वांगं कधी कच्चं राहत नाही, हे अख्खं गाव मान्य करतं. पण सोलायची वेळ आली की ती उठून बाजूला व्हायची. साल आहे तोवर वांग्याला आमचा हात चालतो, साल निघाली की चालत नाही. हे कुणी बोलून दाखवत नसे, आईला ते पाठ होतं. पुढे लाकडी बडगीत ठेचायला दुसऱ्या बायका बसत. आम्हाला पंगतीत नाही, घरी न्यायला डब्यातून भरीत मिळे. मला त्या डब्याचा लहानपणापासून राग आहे.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि एका उमेदवाराला आमची गल्ली आठवली. घरी येऊन म्हणाला, "अक्का, आमच्या पार्टीत यंदा भरीत तुम्हीच ठेचा."

आईने विचारलं, "बठ्ठा खातीन का?"

"खातीन ना, सगळे खातीन. मी पहिला बसतो."

मी सुट्टी काढून भुसावळहून आले. आई नवं लुगडं नेसून बडगीपुढे बसली. मिरच्या, लसूण, पात, शेंगदाणे, सगळं तिने स्वतः घातलं. उमेदवार पहिला बसला, फोटो निघाले. पंगतही बसली. लोक जेवत होते, मागून घेत होते. मला फार बरं वाटलं.

मग आई स्वतः वाढायला निघाली. पंगतीत नाना होते. त्यांच्या शेतात तिने उभा जन्म निंदणी केली. नानांच्या पानावर पुरी आणि ठेचाच होता.

"नाना, भरीत वाढू का?"

नानांनी पानावर हात आडवा धरला. "वांगं नको. डॉक्टरनी बंद करेल शे."

आई पुढच्या पानाकडे गेली.

आठच दिवसांनी नानांच्या मळ्यात पार्टी ठरली, भरताचीच. त्यांचा गडी दारात निरोप घेऊन आला, वांगी भाजायला बोलावलंय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच उंबऱ्यापाशी गेली.

"नानाले सांग," ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टरनी माले धूर बंद करेल शे."