दोन ओळींची फाईल, अख्खा खण

वाल्मीक गांगुर्डे द्राक्ष संघात पेट्या मोजायचा, तोवर गल्लीत त्याला कुणी विचारत नव्हतं. अठ्ठ्याऐंशी साली संघात कॉम्प्युटर आला, वाल्मीक मुंबईहून शिकून आला आणि एकदम साहेब झाला. कॉम्प्युटरच्या ए.सी. खोलीत बसतो हे शेजाऱ्यांना कळावं म्हणून गडी एप्रिलातही स्वेटर घालून घराबाहेर पडायचा.

दुखणं होतं सभासदांचं. कोंडाजी आणि गेणू हे पिंपळगावकडचे सख्खे भाऊ वाटण्या झाल्यापासून एका बैलगाडीत बसत नव्हते. गेणूच्या नावाजवळ आपलं नाव नको, असं कोंडाजीनं बजावलं. वाल्मीकनं दोघांना वेगळी फाईल दिली. हे कळल्यावर सगळ्याच भाऊबंदांनी वेगळी मागितली. आधी माणसागणिक, मग मळ्यागणिक, शेवटी मालाच्या गाडीगणिक. एकेकीत मजकूर जेमतेम दोन ओळी. साहेब उदार मनानं देत गेले.

ऐन हंगामात डिस्क भरली. चेअरमन मल्हारीअण्णांनी सांगून टाकलं, की सोमवारपर्यंत जागा झाली नाही किंवा एकही सभासद तुटला, तर मशीन गोदामात आणि वाल्मीक पुन्हा पेट्यांवर. स्वेटरात खराखुरा घाम फुटला.

मुंबईच्या इंजिनियरनं फोनवर समजावलं, की डिस्कवर सारखे खण पाडलेले असतात. फाईल दोन ओळींची असली तरी अख्खा खण अडवते; उरलेल्या जागेत दुसरीला शिरकाव नाही. म्हणजे पेटीत एकच घड ठेवायचा, झाकण ठोकायचं आणि ट्रक भरला म्हणून बोंब मारायची. पेट्यांच्या भाषेत वाल्मीकला ते लगेच पटलं. रविवारभर बसून त्यानं एकेका गावाच्या फायली जोडून एकच फाईल केली, जुन्या पुसल्या. निम्म्याहून अधिक डिस्क मोकळी झाली.

सोमवारी अण्णांच्या देखत कोंडाजी पडद्यापुढे बसला. आपल्या नावाखाली गेणू दिसताच तो उठला आणि माल दुसऱ्या संघात नेतो म्हणाला. वाल्मीकनं घाईघाईनं दोन नावांच्या मध्ये फुल्यांची ओळ टाकली.

"हे काय हाय?"

"कुंपण, दादा. मधे तार ओढलीय."

कोंडाजीनं चष्मा पुसून बराच वेळ निरखलं. "तार माझ्या अंगाला लय चिकटलीय. त्याच्याकडं सरकव."

वाल्मीकनं तारेच्या वरती एक रिकामी ओळ घातली. कोंडाजी समाधानानं खाली बसला. अण्णांनी मिशीतलं हसू दाबलं, मशीनसाठी काढलेली गोदामाची किल्ली परत खिळ्याला टांगायला लावली आणि म्हणाले, "आता गेणूला बोलवा, वाल्मीक. तो तार परत ढकलेल, तेवढी जागा ठेवा."