येलदरीच्या पाण्यावर हलवलेली दस्ती

मामाला त्याचा मुलगा कायमचा पुण्याला घेऊन चालला होता. फ्लॅटमध्ये मासे धरायचं सामान ठेवायला जागा नाही, असं सुनेनं आधीच कळवून टाकलं होतं. त्यामुळं जायच्या आधी येलदरी धरणातून एक शेवटचा रोहू काढायचा, एवढंच मामानं माझ्याकडं मागितलं. शिलाईचं दुकान सांभाळून जन्मभर हौसेनं गळ टाकलेला माणूस. त्याला नाही कसं म्हणणार?

परभणीहून सकाळी मोटारसायकलवर निघालो. रस्ता झरी, बोरी, जिंतूर असा. जिंतूरच्या पुढं जरा सांभाळून चालवा, मागं म्हातारं माणूस असेल तर जास्तच. बोरीला गाड्यावर चुरमुऱ्यांची गरमागरम सुशीला खाल्ली. स्वस्त, पोटभर, वर कच्चा कांदा. होडी ओळखीतून मिळाली. तुम्ही जाणार असाल तर परवानगीचं आधी विचारून घ्या आणि डोक्याला काहीतरी बांधा. पाण्यावर ऊन लय लागतं.

हौसेनं गळ टाकणाऱ्यांचे तिथले कायदे मामानं मला लहानपणीच शिकवलेत. दुसऱ्याच्या होडीजवळ जायचं तर लांबूनच विचारायचं, बसू का? पाण्यावर आवाज चढवायचा नाही. आणि कुणाला मोठा मासा लागला की त्यानं दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, वर धरून हलवायची. ती दिसली की बाकीच्यांनी गळ वर घ्यायचे आणि होडी आहे तिथंच थांबवायची. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण मोडलेलं मी तरी कधी बघितलं नव्हतं.

उन्हं चढली तरी काही लागेना. मग एकदम रॉड वाकला तो होडीच्या काठालाच टेकला. मामाचे हात हल्ली थरथरतात, तरी त्यानं रीळ माझ्याकडं दिलं नाही. मला फक्त दस्ती हलवायला सांगितली, कारण लांबून एक फुगवायची रबरी बोट येत होती. मागं मोटार, आत तिघं जण, गाणं मोठ्यानं लावलेलं.

मी उभा राहून दस्ती हलवली. तिघांनी हसत हसत हात हलवले आणि बोट सरळ आमच्याकडं वळवली! एकानं फोन काढून शूटिंग सुरू केलं. मी थांबा, थांबा म्हणून खुणा करतोय, तर हे बहाद्दर अजून जोरात हात हलवतायत. मोटार आमच्या गळाच्या दोरीवरून गेली. रॉड सरळ झाला.

"काका, काही मिळालं का?" त्यातल्या एकानं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. त्यांच्या आईबापांपर्यंत पोचणार, तोच मामानं माझी बाही धरली.

"वरडू नको. पाण्यावर वरडत न्हाईत."

मग त्यांच्याकडं वळून शांतपणे म्हणाला, "बसा तुमी. आमी निघायलोय." आणि आम्ही माशांना चारा कुठं टाकलाय तेही दाखवून दिलं. निघणाऱ्यानं आपली जागा दाखवून जायचं, हाही कायदाच. आग लागो असल्या कायद्याला! जिंतूरला चहा घेतला, तर मामानं अर्धा कप तसाच ठेवला.

तो पुण्याला जायच्या आदल्या दिवशी फिरत फिरत एक व्हिडिओ माझ्या फोनवर आला. वर लिहिलेलं, 'मराठवाड्याची प्रेमळ माणसं, अनोळखी पाहुण्यांचं असं स्वागत करतात.' त्यात मी, येड्यासारखा दस्ती हलवणारा. खाली बदामांचा पाऊस. मला तो मामाला दाखवायचा नव्हता, पण शेजारी बसून त्यानं बघितलाच.

"पुन्ना लाव," म्हणाला.

पुन्हा लावला. परत लावला. तो माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्यामागं रॉड वाकलेला दिसत होता, त्याच्यावर त्याची नजर.

"काठाला टेकलाय बघ. लय मोठा व्हता रे."

हे पुण्यात बघता येईल का, असं त्यानं विचारलं. मग मी त्या नालायकांचा व्हिडिओ त्यांच्या गाण्यासकट, हसण्यासकट मामाच्या फोनात घालून दिला. स्वतःच्या हातानं. तो म्हणाला, "दोरी तुटायच्या आधीपस्तोरच ठेव. म्होरलं काप."

पुढचं कापलं. आता त्यात मामाला मासा लागलेलाच आहे, आणि मी त्या तिघांचं स्वागत करतोय.