सख्ख्या मुलाला आऊट देणारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती जाईपर्यंत नाही. पलटणीतल्या दोस्तांनाही नाही, आणि त्यांना तर मी काय काय सांगितलेलं आहे! तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही माझ्या पाया पडला असता, आणि मग माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

पाया पडतात हो लोक. गेल्या महिन्यात माझं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा आमच्या मराठी मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार, आणि एका निवृत्त प्राध्यापकांचं भाषण. सीमेवर लढलेला सैनिक, हॉकीच्या मैदानावर पुढचे दोन दात गमावलेला खेळाडू, कुटुंबवत्सल गृहस्थ. कुटुंबवत्सल! पण उठून गेलो का? छे. शाल नीट सावरून बसलो, फोटोत हनुवटी वर राहील अशी.

मग आली ती गोष्ट. हैदराबादेत चार मराठी माणसं जमली आणि त्यात मी असलो, की ती येतेच. सुभेदारसाहेबांनी सिकंदराबादच्या मॅचमध्ये स्वतःच्या मुलाला आऊट दिलं! रेल्वेचे निवड करणारे समोर बसलेले, मुलगा जमून खेळत होता, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी जवळजवळ हातात आलेली — आणि बापानं बोट वर केलं. टाळ्या. प्राध्यापकांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. काय म्हणावं या लोकांना? इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही, की अहो, तो आऊट होता का?

नव्हता.

तुम्ही म्हणाल, होते चूक माणसाकडून, अंपायरकडूनही होते. बघा — लगेच तुम्हीही मला सांभाळून घ्यायला निघालात. नका घेऊ. ती चूक नव्हती.

मी तेव्हा फौजेतून नुकताच घरी आलो होतो. मलकपेठेत घर, हातात पेन्शन, आणि रविवारी अंपायरिंग. विनू माझा एकुलता एक. अभ्यासात यथातथाच, पण बॅट हातात घेतली की बघत राहावं असा. सुट्टीवर आलो की रेसकोर्सच्या मागच्या मोकळ्या जागेत मीच त्याला बॉल टाकून टाकून शिकवलेलं. पुस्तकांनी त्याचं काही होणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. ती रेल्वेची नोकरी हाच त्याचा रस्ता होता. हे मला माहीत नव्हतं का? माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी ठरलेला अंपायर आला नाही. मला विचारलं. माझा मुलगा खेळतोय, दुसरा बघा — एवढं म्हणायचं होतं. नाही म्हणालो. मला तो पांढरा कोट अंगावर आवडायचा, दुसरं काही नाही.

मैदानाबाहेर इराण्याकडे चहा घेत होतो. शेजारच्या टेबलावर समोरच्या टीमची दोन पोरं हसत होती. "आज तो बाप अंपायर है मियाँ, बेटे की ईद है." बस्स. एवढंच. मी लढाईत तोफांच्या माऱ्याखाली बसलेला माणूस. शेजारचा गेला तरी जागा न सोडलेला. आणि दोन टवाळ पोरांच्या एका वाक्यानं मला घाम फुटला! लोक काय म्हणतील — या एका गोष्टीपुढे हा शूर सैनिक शेळपट निघाला. चहा संपेपर्यंत माझं ठरलं होतं. पहिलं जोरदार अपील झालं की बोट वर. मग बॉल कुठेही जावो.

कळलं का? विनूनं पॅड बांधायच्या आधीच मी त्याला आऊट दिलं होतं.

तो सुंदर खेळला. अपील होईचना. आणि मी — जरा डोळ्यांपुढे आणा हा बाप — मी तिथे उभा राहून अपिलाची वाट पाहत होतो. शेवटी एक बॉल ऑफ स्टंपच्या बाहेरून गेला. विनू मारायला गेला, बॅट जमिनीवर आपटली, कीपरनं बॉल पकडला आणि सगळे ओरडले. बॅट आणि बॉल यांच्यामधून माझा पंजा गेला असता इतकं अंतर होतं. मी बोट वर केलं. बोलरसुद्धा बघतच राहिला. विनू माझ्याकडे पाहत थांबला. रागानं नाही. लहान असताना मी खोटंखोटं रागावलो की आता बाबा हसतील म्हणून वाट बघायचा ना, तसा. मग गेला.

घरी बुटाची नाडी सोडताना एकदाच म्हणाला, "लागला नव्हता, बाबा." मी त्याला अर्धा तास शिस्त शिकवली. फौजीचा मुलगा निर्णयावर बोलत नाही म्हणालो. त्याची आईही माझ्याच बाजूनं बोलली बिचारी. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

नोकरी दुसऱ्याला लागली. विनू कोठी भागातल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, तो आजतागायत उभाच आहे. संध्याकाळी येतो तेव्हा पाय सुजलेले असतात. तसाच बसतो आणि माझ्या गुडघ्यांना तेल लावतो. मी लावून घेतो. आणि त्या गोष्टीवर मी काय काय कमावलं! कॉलनीच्या भांडणात पंच मी, मंडळाचा अध्यक्ष मी, झेंडा फडकवायला मी. का, तर माणूस कसा सचोटीचा! थू.

त्या दिवशी सत्कार आटोपून दुपारी सगळे घरी जेवायला बसलो. विनूची मुलगी इरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मराठी अडखळत वाचते, पण क्रिकेटचं तिला सगळं कळतं. ती विनूला सहज म्हणाली, "बाबा, बॅटची एज खरंच लागली होती का? तेव्हा रिव्ह्यू असता तर घेतला असतास?"

तिनंच पहिल्यांदा विचारलं.

विनूनं पुरीचा तुकडा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. "लागला होता गं," म्हणाला. "हाताला जाणवलं मला. आजोबांनी बरोबर दिलं."

पोटच्या मुलीशी खोटं बोलला. माझ्यासाठी. स्वतःलाच आऊट देऊन मोकळा झाला. खोलीत घरचीच माणसं होती, कुणी परकं नव्हतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. इरा आता माझ्याकडे बघत होती.

मी घसा साफ केला. "स्पष्ट आवाज आला होता," मी म्हणालो.

मग मी आणखी श्रीखंड मागितलं. विनूच उठला वाढायला.