दोन हिवाळे राहिलेले बिल्ले

ऐंशीच्या दशकात मिशिगनमध्ये मी तीन उन्हाळे गाईंच्या पाठीवरच्या माश्या मोजल्या. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

नवरा ॲन आर्बरला पीएचडी करत होता. मी जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन आले होते, पण तिला इथे कुणी विचारत नव्हतं. शेवटी एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. शहरापासून तासाभरावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं कुरण होतं, त्यात मांसासाठी पाळलेल्या गाई आणि त्यांची वासरं. गाईंच्या दोन्ही कानांत माश्यांचं औषध भरलेले प्लॅस्टिकचे बिल्ले. ऊन चढायच्या आत दुर्बीण लावून एकेका गाईच्या अंगावरच्या गोमाश्या मोजायच्या, हे माझं काम. मराठी मंडळाच्या जेवणात एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे अमेरिकेत येऊन माश्या मारतेस?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मी सगळ्यालाच हसून मान डोलवायची, त्याची मला आज चीड येते.

पहिल्या उन्हाळ्यात बिल्ल्यांनी असं काम केलं की मोजायला माश्याच उरल्या नाहीत. पण ऑक्टोबरात ते कापून काढायचे, हा नियम. औषध संपत आलं की त्याने फक्त दुबळ्या माश्या मरतात. चिवट तेवढ्या तगतात आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. बिल्ले काढून घेण्याची जबाबदारी माझी होती. म्हातारा म्हणाला, "राहू देत. एकेक गाय हलू नये म्हणून खोड्यात घालायची म्हणजे दिवस जातो. थोडंफार औषध असेल अजून."

तो माझ्या वडिलांच्या वयाचा. रोज स्वतःच्या थर्मासमधली कॉफी मला द्यायचा. अशा माणसाला त्याच्याच दारात उभं राहून 'तुमचं चुकतंय' कसं म्हणायचं? मी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढच्या ऑक्टोबरातही तेच झालं.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये नवे बिल्ले घातले आणि पंधरा दिवसांत गाईंच्या पाठी माश्यांनी काळ्या पडल्या. अमेरिकेतली ही गोमाशी घरमाशीहून लहान, पण दिवसभर रक्त पिते. गाई चरायचं सोडून पोटापर्यंत तळ्यात उभ्या राहायच्या. दूध आटलं आणि वासरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. शरद ऋतूत ती वासरं विकायची, त्यावरच त्याचं वर्ष चालायचं. तो बिल्ल्यांच्या कंपनीला शिव्या घालत होता आणि मी "हो ना" म्हणत होते.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. "टेक इट ईझी यार," तो म्हणाला, "माश्याच तर आहेत!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं लाटणं मी ओट्यावर आपटलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "प्रत्येक कानात आणखी एकेक बिल्ला घालू या." मी ओरडलेच. "अजिबात नाही! कंपनीचं काही चुकलेलं नाही. दोन हिवाळे तुम्ही जुने बिल्ले तसेच ठेवलेत. या चिवट माश्या आपणच पोसल्यात!"

त्याने तळ्यात उभ्या गाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या ऑक्टोबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात."

"माझी मुलगी मला रोज ओरडते," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला या कामातलं कळतं म्हणून तुला पाठवलंय."

त्या दिवशी त्याने कॉफी दिली नाही. मला रडू आलं, ते त्याच्यासाठी नव्हतं; माझाच मला राग आला होता. एवढी शिकलेली मी, आणि एका गाईच्या पाठीपेक्षा मला माझी सुसंस्कृत जीभ जास्त प्यारी होती!

वासरं त्या वर्षी हलकीच विकली गेली. ऑक्टोबरात त्याने स्वतः गाई खोड्यात घातल्या आणि पक्कड माझ्या हातात दिली. बिल्ले एकेक करून बादलीत पडत होते. शेवटची गाय फार उधळत होती. तो दमला होता. "ही एक राहू दे," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले आणि तिचा कान धरला.

एवढा एक शब्द बोलायला मला तीन उन्हाळे लागले आणि त्याची एका वर्षाची सगळी वासरं.