दोनदा दाबायचं बटण

आमच्या वन्सं कुठलंही बटण एकदम दाबत नाहीत. मिक्सर असो, लिफ्ट असो, आधी बोट नुसतं टेकवतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि मग दाबतात. माझी मुलं हसतात. "आत्या, मिक्सरमध्ये कोण बसलंय का?" म्हणतात. रंगखात्यातल्या माणसाशिवाय ते कळायचं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा वन्सं त्या चादरीच्या कारखान्यात कधीच्या रुळल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण, लग्नबिग्न केलं नाही, घर सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. मला वाटलं, आता जन्म जाणार वन्संच्या धाकात. पण वर्ष सरायच्या आत त्यांनीच मला घड्यांच्या खात्यात चिकटवलं. सकाळी दोघी डबे घेऊन निघायचो. फाटकातनं आत गेलं की मी खाली चादरींच्या ढिगाकडे आणि त्या लाकडी जिन्यानं वर, काचेच्या खोलीत. त्या काचेतनं अख्खं रंगखातं दिसायचं: वाफ, ओली फरशी, रंगाचे हौद, हौदावरचे जाडजूड रूळ आणि त्यांच्यावरनं जीभ बाहेर काढल्यासारखं सरकणारं ओलं कापड. भिंतीकडेच्या नाल्यातनं पाणी वाहायचं. आज कुठला रंग चाललाय ते आम्ही त्या पाण्यावरनं ओळखायचो.

वन्संचं काम म्हणजे चिठ्ठी काढायची. एवढं कापड, अमका रंग, तर कुठली पूड किती घ्यायची, ते त्या चिठ्ठीवर. चिठ्ठी वजनखोलीत जायची, तिथनं मोजलेली पूड हौदावर यायची. आधी सगळं हातानं चालायचं. मग टेबलावर संगणक आला, आणि वन्संना नवं माहेर मिळाल्यासारखं झालं. रकाने, ओळी, सूत्रं, सगळं स्वतःच्या स्वतः शिकल्या. आकडे घालायचे आणि एक बटण दाबायचं, की चिठ्ठी छापून बाहेर. ते बटणही त्यांनीच बनवलेलं. त्यावरनं त्यांचं नाव पडलं 'बटणवाल्या बाई'.

आता माझ्यासारखीला वाटायचं, बटण म्हणजे बटण. त्यात काय निवडायचंय? पण संगणकातल्या त्या रकान्यांच्या तक्त्यात निवडायला बटणं दोन ओळींत ठेवलेली असायची, एक वरची ओळ, एक खालची. भाजी निवडता निवडता वन्सं मला सांगत बसायच्या.

"दिसायला दोघी सख्ख्या बहिणी गं. दोघी राखाडी. पण वरच्या ओळीतली अगदीच साधी. अंगाला रंग लावून घेत नाही, बसवलंस तिथं बसते. खालची हौशी. रंग घाल, अक्षर बदल, अंगावरनं माउसचा नुसता बाण गेला तरी तिला कळतं."

"आणि तिसरी?" मी विचारायची, कारण तिसरी होती हे मला एव्हाना पाठ झालं होतं.

"तिसरी बटणाच्या जातीचीच नाही. आपण चित्र काढायचं, गोल, चौकोन, हवं ते, आणि त्याला सांगायचं की बाई, आजपासून तू बटण."

आमचे हे पेपरातनं डोकं वर काढायचे. "ताई, बटण निवडतेस का स्थळ बघतेस?"

"तू गप. तुझ्या वेळी एवढी चौकशी केली असती तर ही बिचारी वाचली असती," वन्सं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या.

तर वन्संनी खालच्या ओळीतली हौशी निवडली. निळ्या कापडाला निळं बटण, लालला लाल. काचेच्या खोलीत ती झकास चालली. पण साहेबांच्या डोक्यात आलं, चिठ्ठी वरनं खाली पाठवण्यापेक्षा हौदाशीच संगणक बसवू, हौदावरचा माणूसच चिठ्ठी काढील. कारखान्याचे मॅनेजर आम्हा सगळ्यांचे साहेब. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

आणि हौदावरचा माणूस म्हणजे निळे काका.

आडनाव नव्हतं ते. जन्मभर निळीत हात घालून त्यांची नखं, बोटांची पेरं, तळहातावरच्या रेषा, सगळं निळं झालेलं. साबणानं जायचं नाही. चहाचा कप धरला की कपावर निळा अंगठा उठायचा, म्हणून कँटीनवाल्यानं त्यांचा कप वेगळा ठेवला होता, आणि काका त्याला "आमची चांदीची भांडी" म्हणायचे. डाव्या हाताच्या करंगळीला वरचं पेर नव्हतं. तरुणपणी रुळात गेलेलं. तेव्हापासून त्या खात्यात एक रीत पडली होती आणि ती काकांनीच पाडलेली. मशीनचं बटण दोनदा दाबायचं. पहिल्या दाबाला नुसती घंटा. घंटा झाली की ज्याचा हात जिथं असेल तिथनं त्यानं वर काढायचा. दाबणाऱ्यानं डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, आणि मग दुसरा दाब. रूळ फिरायचे ते दुसऱ्या दाबाला. बटणाच्या वर लाल रंगात मोठ्या अक्षरात रंगवलेलं: 'हात काढा'. नवा माणूस आला की काका त्याला आपली करंगळी दाखवायचे. जास्त बोलायचे नाहीत.

संगणक हौदाशी बसला आणि वन्संची हौशी बटणं तिथं गेली. तिथला पडदा निराळ्या मापाचा. काकांनी दाबलं की बटण थोडं आकसायचं. पुन्हा दाबलं की आणखी आकसायचं. चार-दोन दिवसांत अक्षरं मुंगीएवढी झाली.

काका जिन्यात येऊन म्हणाले, "बाई, तुमचं बटण लाजतंय. माझ्यासारख्याचा हात लागला की अंग चोरतंय."

वन्सं खूप हसल्या. मग हौशीला काढलं आणि तिथं चित्र बसवलं, छान गोल कोपऱ्यांचं, ठसठशीत निळं. ते आकसायचं नाही की फुगायचं नाही. वन्सं खूश. आणि तिथंच घोटाळा झाला.

काका त्यांच्या रीतीनं दोनदा दाबायचे. पहिल्या दाबाला चित्र ना आत जायचं ना आवाज करायचं, कागद मात्र पलीकडे वजनखोलीत छापून निघायचा. काका डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, आणि दुसरा दाब. वजनखोलीत दुसरी चिठ्ठी. वजनखोलीतल्या माणसानं दोन चिठ्ठ्या बघितल्या, दोन्हींची पूड मोजली आणि एकाच हौदाला पाठवली. फिकट आकाशी व्हायच्या चादरी बाहेर आल्या त्या वांग्यासारख्या.

माझ्याच टेबलावर आल्या घडीला. मी वन्संना काचेखालनं हात करून बोलावलं. त्यांनी एक चादर उचलली, उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी.

साहेब आले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "काकांचं वय झालंय. संगणक त्यांच्याच्यानं व्हायचा नाही. पुढच्या आठवड्यापासून फाटकावर बसू देत, खुर्ची देऊ, पंखा देऊ."

काका म्हणाले, "साहेब, फाटकावर कसला रंग येतो?" एवढंच. आणि पुसायचं फडकं घेऊन हौदाकडे गेले.

घरी वन्संना जेवण जाईना. "चित्र मी बसवलं. आणि फाटकावर ते." हेच चाललेलं.

"दुसऱ्यांदा दाबलं तर काही होऊच नये असं कर ना," ह्यांनी सुचवलं. "पहिल्या दाबाला चिठ्ठी, मग कुलूप."

सोपं होतं. वन्संनी सकाळी जाऊन तसं केलं. दुपारी रंगखात्यातला संगणक बंद, छापायचं यंत्र बंद, वरच्या खोलीतले दिवेसुद्धा बंद. काकांनी संगणकाच्या लाइनीचा मेन स्विच ओढला होता; रुळांची लाइन वेगळी, ती तेवढी चालू होती.

"काका, हे काय केलंत?" वन्सं जिन्यावरनं ओरडल्या.

"दुसऱ्या दाबाला काहीच नाही झालं, बाई. म्हणजे मशीन अडकलं. अडकलं की वीज तोडायची आणि वायरमनला हाक मारायची. मारलीये. येतोय तो."

खरोखरच वायरमन पान्हा घेऊन येऊन उभा होता आणि माउसकडे बघत डोकं खाजवत होता.

मी घड्या टाकून तिथंच आले होते. वाटलं, वन्सं आता चिडणार. पण त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि ओल्या फरशीवरनं थेट रुळाच्या मशीनपाशी गेल्या. इतकी वर्षं काचेतनं बघत होत्या, पण मशीनच्या बटणाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

"काका, मी दाबू?"

"दाबा की. पण डोळे उघडे ठेवून."

वन्संनी दाबलं. ते जाड राखाडी बटण बोटाखाली खोल गेलं आणि घंटा झाली. पलीकडे कापड सारखं करणाऱ्या चारही जणांनी हात वर काढले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, बोलता बोलता काढले, डोळा मिटावा तसे. वन्संचं बोट बटणावरच राहिलं. त्या त्या हातांकडे बघत होत्या.

"आता इकडेतिकडे बघा," काका हळूच म्हणाले. "तुमच्यासाठी नाही हो. माणसाला हात काढायला सवड द्यायची असते."

"पण काका, कागदाखाली कुणाचं बोट सापडणार?"

"ते मला समजतं, बाई. ह्याला समजत नाही." त्यांनी आपला निळा हात वर करून दाखवला. "हा आता मेल्यावरच सुधारेल."

वायरमननं वीज जोडली तशी वन्सं वर गेल्या त्या सरळ संगणकाशी. चित्र काढून टाकलं. हौशीकडे बघितलंसुद्धा नाही. वरच्या ओळीतली साधी, राखाडी, रंग न लावून घेणारी, तिला आणून बसवलं. मी मागं उभी होते.

"हीच का?" मी विचारलं.

"ही दाबली की आत जाते, बघ." त्यांनी दाबून दाखवलं. पडद्यावर ते बटण खरंच दबलं, हलकेच, आणि वर आलं. "मशीनचं जातं तसं. आणि रंगही त्याचाच. अंगाला रंग घेत नाही म्हणून मी हिला नाकारत होते. अक्षरांना घेते की. मला तेवढंच हवंय."

साहेबांना वन्संनी एवढंच सांगितलं, की काकांना फाटकावर बसवायच्या आधी एकदा खाली येऊन बघा. साहेब आले, घड्याळाकडे बघत. सगळं खातं कामाचं सोंग करत कान देऊन उभं होतं.

काकांनी निळा हात माउसवर ठेवला. दाबलं. बटण आत गेलं, संगणकातनं 'टिंग' झालं आणि बटणावरचं 'चिठ्ठी' पुसून तिथं लाल अक्षरं आली: 'हात काढा'.

रुळापाशी दोघांनी सवयीनं हात वर काढले. मशीन बंदच होतं. हशा पिकला. काकांना हसायला सवड नव्हती. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि दुसरा दाब. वजनखोलीतनं हाक आली, "आली!" सगळ्यांच्या माना वजनखोलीकडे वळल्या. मग पुन्हा हाक, "एकच आली!"

"मी बघतो," म्हणून साहेब पुढं झाले. त्यांनी दाबलं. टिंग. 'हात काढा' वाचलं, आणि भल्या माणसानं खरोखरच माउसवरचा हात उचलला आणि साहेब चिठ्ठीची वाट बघत उभे राहिले.

काका अदबीनं म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलात. आता दुसरा दाब."

त्या दिवशी साहेब हसले ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. फाटकाचा विषय परत निघाला नाही. काका निवृत्त होईपर्यंत हौदावरच राहिले आणि त्या माउसचं डावं बटण निळं होत होत पार जांभळं झालं. कुणी पुसलं नाही.

पुढं नवीन मशीनं आली, बोटानं चोळायचे पडदे आले, वन्संचा तक्ता कुणीतरी काढून टाकला. वन्संही घरी बसल्या. काका मात्र अधूनमधून यायचे. आमच्या दाराची घंटा एकदा वाजायची. मग गप्प. तेवढ्यात ते पायऱ्यांवर डावीकडे-उजवीकडे बघत असणार. मग दुसऱ्यांदा वाजायची. पहिल्या घंटेलाच वन्सं कणकेतनं हात वर काढायच्या आणि म्हणायच्या, "अगं, चहा टाक. काकांचा निळा कप काढ."

काका गेले त्याला आता बराच काळ झाला. निळा कप फडताळात आहे. आजही दाराची घंटा वाजली की वन्सं हातातलं काम सोडतात, दोन्ही हात तसेच अधांतरी धरतात आणि दुसऱ्या घंटेची वाट बघतात. ती काही वाजत नाही. पार्सलवाला असतो, गॅसवाला असतो. मग मी दार उघडायला जाते. पण लगेच नाही जात. थोडी थांबते, त्यांचे हात खाली येईपर्यंत.