बारमाही वाफा

चारोटीच्या नाक्यावर आनंदीबाई थांबल्या आणि त्यांनी टोपलीवाल्या बाईकडून शेवंतीची वेणी घेतली. पहाटे नरपडहून निघाल्यापासून त्या आणि शेजारची मयुरा चालत होत्या. पायांत गोळे आले होते, महालक्ष्मीचं देऊळ अजून पुढे होतं. पण मयुराचा पाय अडला तो त्या वेणीपाशी.

दर नवरात्रात दोघी अशाच पायी यायच्या. देवीची फुलं आनंदीबाईंच्या परसातली, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. त्यांच्या घरची रीतच होती ती. देवाला घरचं फूल. विकतचा हार आणायचा तो फक्त मयताला.

"आत्या, घरची फुलं नाही आणली?" मयुराने विचारलं.

"कुठलं घर?" आनंदीबाई म्हणाल्या, आणि हायवे ओलांडायला लागल्या.

अख्खी आळी त्यांना आत्याच म्हणायची. नवरा गेल्यावर त्या तरुणपणीच भावाकडे, दौलतकडे, परत आल्या. पाठोपाठ वहिनी गेली, आणि तिच्या पाळण्यातल्या दीपेशला त्यांनी वाढवलं. पुढे दौलतही गेला. चिकूच्या वाडीचं, घराचं सगळं दीपेशच्या नावावर झालं, त्याला त्यांची कधी तक्रार नव्हती. त्यांचं म्हणून काही होतं तर तो जुन्या घराच्या मागचा फुलांचा वाफा. मयुराचं घर मागपासून पुढच्या रस्त्यापर्यंत गेलेल्या कुंपणापलीकडे, त्यामुळे तिने तो वर्षानुवर्षं पाहिलेला. माघात कुंद, चैत्रात मोगरा, श्रावणात सोनटक्का, आणि काहीच नसेल तेव्हा तगर नि जास्वंद आहेतच. देव एक दिवसही बिनफुलाचा राहिला नाही.

दोन हजार सोळात दीपेशने पुढच्या बाजूला, समुद्राच्या रस्त्याकडे, नवं घर बांधायला काढलं. भिंतींना गिलावा व्हायचा होता तेव्हाच तो आत्याला हाताला धरून तिथे घेऊन गेला. म्हणाला, ही कोपऱ्यातली खोली तुझी, खिडकीखाली वाफे काढतोय, झाडं तू सांगशील ती. त्या दिवशी आनंदीबाई मयुराकडे आल्या त्या पेढा घेऊन.

मग किती दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. पश्चिमेचा खारा वारा अडवायला कण्हेरीची रांग. तिच्या आडोशाला अनंत. खिडकीखाली मोगरा, बसल्या बसल्या खुडता येईल असा. सोनटक्क्याला पाय ओले लागतात, म्हणून तो मोरीच्या पाण्याशी. सुनेला, रुचिकाला, रंगीबेरंगी झेंडू हवे होते. आनंदीबाई तिला हसून म्हणाल्या होत्या, "अगं, झेंडू-तेरडा पाहुण्यासारखा. आला, मिरवला, गेला. आपल्याला राहायचंय ना इथे? मग कायमची झाडं लाव."

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आळीत कुणी करत नाही. आईच्या हातची लाल जास्वंद त्यांनी मुळासकट हलवली. कुणी मागितलं तर फांदी द्यावी, मूळ झाड जागचं हलवू नये, हे त्यांनीच मयुराला शिकवलेलं. मयुरा म्हणालीसुद्धा, फांदी लावा की. तर म्हणाल्या, फांदी फुलायला वेळ घेते, नव्या खोलीतल्या पहिल्या सकाळी देवाला फूल नको का? मोगरा, कुंद, तगर, सगळं मातीच्या गड्ड्यासकट मृगाच्या तोंडावर पुढे गेलं. मागे उरले नुसते खड्डे. आता इथे माझं काही नाही, सपाट करून गाड्यांना जागा कर, असं त्यांनी आपल्या तोंडाने दीपेशला सांगितलं.

वास्तुशांत झाली. आनंदीबाईंची ट्रंक भरून ठेवलेली. दीपेश म्हणायचा, पावसाळा सरू दे, मग दिवाळी होऊ दे, मग नळाचं काम राहिलंय, असं करत वर्ष गेलं. त्यापुढचं मयुराला अर्धवटच माहीत होतं. यंदा गणपतीच्या आधी घरावर ‘खोल्या भाड्याने’ असा बोर्ड लागला, सुरतेच्या नि मुंबईच्या गाड्या यायला लागल्या, आणि कोपऱ्यातल्या खोलीत दर शनिवारी कुणी नवंच उतरायला लागलं.

हायवेवरून मोठे ट्रक घोंघावत जात होते. आनंदीबाई बोलायला लागल्या, रस्त्याच्या कडेकडेने, मयुराकडे न बघता.

त्या तरीही रोज पहाटे परडी घेऊन फुलं खुडायला जात होत्या. खोली नाही तर नाही, झाडं तर आहेत. एके दिवशी वाफ्यात पाटी दिसली, मराठी, गुजराती, इंग्रजी: फुले तोडू नयेत. त्यांना वाटलं, बरं झालं, पाहुणे ओरबाडतात. त्या खुडत राहिल्या. तेवढ्यात रुचिका आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आत्या, ते तुम्हालाही आहे हं. लोक फोटो काढतात, झाडं भरलेली दिसली पाहिजेत. एखाद-दुसरं हवं असेल तर मला सांगत जा."

"आणि दीपेश?" मयुराने विचारलं.

"झोपाळ्यावर होता. मोबाईल बघत होता. बघतच राहिला."

मयुरा म्हणाली, धंद्याचं नंतर सुचलं असेल, आधी त्याच्या मनात तसं नसेल. आनंदीबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"जिव्या गवंड्याला मी तेव्हाच सांगितलेलं, खिडकीशेजारी देवाला कोनाडा ठेव. तो म्हणाला, आत्या, ह्या खोलीत कसला कोनाडा, ही पाहुण्यांची खोली. मला वाटलं मेला चेष्टा करतोय. मीही हसले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "गवंड्याला माहीत होतं गं. मला हाताला धरून नेलं तेव्हा खोलीचा हिशेब झालेला होता. त्याला वाफा हवा होता, आणि झाडं माझ्याकडे होती. मागितली असती तर फांद्या दिल्या असत्या की. मूळ नसतं दिलं."

देवळाचा कळस दिसायला लागल्यावर दोघी चिंचेखाली टेकल्या. मयुराने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, देवीला सांगा आत्या, तीच बघेल.

"देवीला काय सांगू? त्याला सुखी ठेव म्हणून हिच्यापुढेच नवस केलेत मी. आता उलटं कुठल्या तोंडाने मागू?" वेणीतलं एक पान त्यांनी काढून टाकलं. मग पहिल्यांदा मयुराकडे वळल्या.

"जास्वंदीची एक फांदी तुझ्या कुंपणावर आलीय. मी बघितलीय. परत गेल्यावर ती तोड. तुझ्या बाजूची, तेवढीच. तुझ्या दारात लाव, माझ्याकडे आता माती नाही. आणि हे बघ, त्याला विचारू नको. विचारलंस तर तो हो म्हणेल. मग माझ्या आईची जास्वंद त्याने दिली असं होईल."